घरच्या मतदारास पत्र

निवडणूक जवळ आली म्हणजे उमेदवाराच्या कचेरींत मतदारांच्या याद्या उलगडतात आणि प्रत्येक नांवापुढें एक खूण होते. आपला, परका किंवा काठावरचा, अशी ती वर्गवारी असते. मग एखादा हिशेबी कार्यकर्ता हटकून विचारतो कीं, जो आपला आहेच त्याच्या घरीं छापील पत्र पाठविण्यांत अर्थ काय? त्याचें मत पदरांत पडलेलें आहे. कागद, छपाई व टपाल यांचा खर्च काठावरच्यांसाठीं राखून ठेवावा. हा प्रश्न वरकरणी जमाखर्चाचा दिसतो. आम्हांस तो मूळचा नीतीचा वाटतो, आणि तो नीतीचा आहे हें विसरल्यामुळेंच त्याचें उत्तर बहुधा चुकतें.

हिशेबी कार्यकर्त्याची बाजू प्रथम नीट ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाहीं. महाराष्ट्रांतील लोकसभेच्या उमेदवारास खर्चाची कमाल मर्यादा २०२२ मध्यें ९५ लक्ष रुपये ठरविण्यांत आली. भंडारा-गोंदिया मतदारसंघांत २०२४ सालीं सुमारे १८ लक्ष मतदार होते. भागाकार केला तर माणशीं पांच रुपयांच्या आसपास रक्कम येते, आणि तेवढ्यांतच सभांचे मंडप, गाड्यांचें इंधन, फलक व पत्रकें हें सर्व बसवावयाचें असतें. ब्रिटनमध्यें पार्लमेंटच्या उमेदवारास मतदारांकडे एक निवेदन टपालानें विनामूल्य पाठवितां येतें. आपल्याकडे तशी सोय नाहीं. तेव्हां जेथें पत्र मत बदलूं शकेल तेथेंच तें पाठवावें, जेथें बदलण्यासारखें कांहीं नाहीं तेथें पाठवूं नये, हें म्हणणें वाजवी वाटतें.

परंतु ह्या युक्तिवादांत एक शब्द फसवा आहे, तो म्हणजे ‘पदरांत पडलेलें’. मनाचा निश्चय आणि हातून घडलेलें कृत्य यांत अंतर असतें. गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव विधानसभा मतदारसंघांत २०१९ सालीं केवळ ७१८ मतांनीं निकाल लागला. तें मतदान २१ ऑक्टोबर रोजीं झालें. तो काळ हलक्या धानाच्या कापणीचा. २०२४ च्या लोकसभेचें मतदान १९ एप्रिल रोजीं झालें. तेव्हां मोहफुलांचे दिवस, आणि रानाकांठचीं माणसें पहाटेच फुलें वेचण्यास निघालेलीं. त्यांतच सुरक्षिततेच्या कारणास्तव ह्या भागांतील मतदान दुपारीं तीन वाजतांच संपविण्यांत आलें. जो मनानें अगदीं पक्का आहे, पण बांधींतून परत येईपर्यंत ज्याची वेळ टळून गेली, त्याच्या पक्केपणाची मोजदाद कोणत्याही पेटींत होत नाहीं. तारीख, वेळ व मतदानकेंद्र एवढें जरी कागदावर आधीं घरीं पोंचलें, तरी त्या कागदाचें मोल चुकतें होतें.

येथें वाचक म्हणतील कीं, प्रश्न सुटला. पत्र उपयोगी आहे, म्हणून तें पाठवावें. आम्ही इतक्या लवकर थांबूं इच्छीत नाहीं, कारण उपयोगी तें योग्यच असतें असें नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत २००६ च्या ऑगस्टमधील निवडणुकीपूर्वीं ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन व ख्रिस्तोफर लॅरिमर ह्या संशोधकांनीं मतदारांच्या घरीं निरनिराळ्या प्रकारचीं पत्रें पाठवून पाहिलीं. ज्यांस कांहींच पाठविलें नव्हतें त्यांच्यांत शेंकडा २९.७ मतदान झालें. ज्यांस घरच्यांची व शेजाऱ्यांची नांवें देऊन मागील खेपेस कोणीं मत दिलें व कोणीं दिलें नाहीं तें छापून धाडलें, आणि पुढील यादीही अशीच सर्वांस धाडूं असें बजावलें, त्यांच्यांत तें शेंकडा ३७.८ झालें. त्या प्रयोगांतील सर्वांत परिणामकारक पत्र हें होतें. तें माणसास समजावीत नव्हतें. शेजाऱ्यांच्या देखत लाजवीत होतें. अशा पत्राचा खर्च भरून निघतो हें खरें. तथापि ज्यानें आपण होऊन आपल्याला मान दिला त्यास चारचौघांत उघडें पाडण्याची धमकी देणें हें सौजन्य नव्हे, आणि नीति तर नव्हेच नव्हे.

तर मग ज्याची निष्ठा आपल्याला मिळालेली आहे त्याच्याकडे काय मागावें व काय मागूं नये? ह्या प्रश्नाचें एक मोठें उदाहरण ह्याच भूमींत घडलें. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला. त्यापूर्वीं तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येक मतदारास दोन मतें असत व दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. अनुयायांनीं एक मत बाबासाहेबांस द्यावें व दुसरें कोणासही न देतां कुजवावें, म्हणजे त्याचा लाभ दुसऱ्या कोणास होणार नाहीं, असा सल्ला निकटवर्तीयांनीं दिला. आणि पराभव झाला तरी चालेल, पण मत कुजविण्यास मी सांगणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर बाबासाहेबांनीं दिलें, अशी आठवण विदर्भांत सांगितली जाते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पडले आणि काँग्रेसचा उमेदवार निवडून आला.

ह्या प्रसंगाचें मर्म असें कीं, निष्ठावंत अनुयायी सांगाल तें करतो, म्हणूनच त्यास सांगतांना जबाबदारी सर्वांत जड होते. काठावरचा मनुष्य आपलें रक्षण आपण करतो. तो शंका घेतो, तुलना करतो, दुसऱ्याच्या सभेसही जातो. पक्क्या मनुष्यानें आपली शंका आपल्या हवालीं केलेली असते. त्याच्या मताकडे घरांत पुरून ठेवलेल्या धनाप्रमाणें पाहणें हा विश्वासाचा अपहार आहे. मत त्याचें आहे. तें प्रत्येक खेपेस तो नव्यानें देतो. जो पक्ष त्यास पत्र लिहिण्यासारखें आपल्याजवळ कांहीं नाहीं असें म्हणतो, तो खरें पाहतां त्यास उत्तर देण्यास आपण बांधलेले नाहीं असें म्हणत असतो.

कागदच कशाला, भ्रमणध्वनीवर संदेश धाडला तर स्वस्तांत काम होतें, असें कोणी म्हणेल. वेळ कळविण्यापुरतें तें खरें आहे. परंतु संदेश येतो आणि दुसऱ्या शंभर संदेशांखालीं गाडला जातो. तो मूळ कोणाचा, हेंही पुष्कळदां कळत नाहीं. छापील निवडणूक-पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-पत्ता असलाच पाहिजे, असें लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचें १२७ अ हें कलम सांगतें. म्हणजे कागदास बाप असतो. शिवाय कागद घरांत राहतो. सिंचनाचें, धानखरेदीचें किंवा दवाखान्याचें जें वचन त्यावर छापलें असेल तें पांच वर्षांनीं पुढें धरतां येतें. असें वचन पुढें धरण्याचा अधिकार सर्वांस असला, तरी तें परिणामकारकपणें धरूं शकतो तो आपलाच माणूस. विरोधकाच्या प्रश्नास वैर म्हणून उडवून लावतां येतें. आयुष्यभर आपल्या बाजूनें उभ्या राहिलेल्याच्या प्रश्नास तसें उडवितां येत नाहीं. म्हणून निष्ठावंतास पत्र पाठविणें म्हणजे त्याच्या हातीं आपल्याविरुद्धचा पुरावा देणें होय. पुष्कळ उमेदवारांस तें नको असतें, आणि खर्चाची सबब त्यांस सोयीची पडते, अशी आम्हांस शंका येते.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीर समजतों. लहान गांवांत कोणाच्या घरीं कोणाचें पत्र आलें हें लपत नाहीं. मतदान गुप्त ठेवण्याची व्यवस्था केंद्रांत कितीही चोख असली, तरी उंबऱ्यावर पडलेलें एक पत्रक त्या घरावर शिक्का मारूं शकतें. आणि ज्याचें पोट दुसऱ्याच्या शेतावर किंवा गिरणींत चालतें त्यास तो शिक्का महाग पडतो. ह्याचा उपाय पत्र न पाठविणें हा नव्हे. ज्यांनीं आपण होऊन उघडपणें पक्षाशीं नातें जोडलें त्यांसच तें पाठवावें, बंद पाकिटांत पाठवावें, पाकिटावर चिन्ह नसावें. ज्याचा कल केवळ आपण तर्कानें यादींत टिपला, त्याच्या दारीं त्या तर्काची जाहिरात करूं नये.

एवढी मर्यादा पाळून आमचें मत असें कीं, पक्क्या मतदारास पत्र अवश्य पाठवावें, पण एकच, आणि तें साधें. त्यांत रंगीत छबी व घोषणा नसाव्यात. त्या त्याला पाठ आहेत. मागील खेपेस काय कबूल केलें होतें, त्यांतलें काय झालें, काय झालें नाहीं व कां, हें प्रथम असावें. पुढें काय करूं म्हणतों तें मोजक्या शब्दांत असावें. मतदानाची तारीख, वेळ व केंद्र शेवटीं असावें. मतासाठीं विनंति असावी. तें आपलेंच आहे असें गृहीत धरलेलें नसावें. आणि ज्या उमेदवारास असें पत्र लिहावयास बसल्यावर पहिल्या परिच्छेदासाठीं कांहीं सुचणार नाहीं, त्यानें टपालाचा खर्च खुशाल वांचवावा. मात्र आपलीं माणसें आपलीं कां आहेत ह्याचा विचार त्यानें निकालाच्या दिवसापूर्वीं करावा हें बरें.