वायच सरकाल काय?

दिव्याहून सकाळी सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीला रेल्वे आता एक्सप्रेस म्हणते. डब्यातली माणसं मात्र अजून पॅसेंजरच म्हणतात. दोन्ही खरं आहे. तिकीट एक्सप्रेसचं असतं आणि वेळ पॅसेंजरचा लागतो.

दरवर्षी आषाढात बाबा पेणला जाऊन आमच्या घरच्या गणपतीची नोंदणी करून येतात. यंदा त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी निघालो. सकाळी पेणला उतरायचं, मूर्ती पाहून पैसे द्यायचे, दुपारी रोह्याला आत्याकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एका दिवसाची सहल. डोंबिवलीहून पहिल्या लोकलांपैकी एक पकडून दिव्याला आलो, फलाटावर तासभर उभा राहिलो आणि जनरल डब्यात खिडकी मिळवली. मिळवली हाच शब्द बरोबर आहे. गाडी नीट थांबायच्या आधी मी आत होतो.

पनवेलला गर्दी चढली. माझ्या बाकाशी एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर दोन-अडीच वर्षांचं मूल, पायाशी गोणपाटाचं बोचकं. समोरच्या माणसाने विचारलं तेव्हा तिने चिपळूण सांगितलं. मग ती आमच्या बाकाकडे वळून म्हणाली, "वायच सरकाल काय?"

मी डोळे मिटलेले होते. झोपलो नव्हतो.

बाकीचेही कोणी हलले नाहीत. खिडकीवाला सरकल्याशिवाय बाकावर कोणालाच सरकता येत नाही, आणि खिडकीवाला मी होतो. थोड्या वेळाने बोचकं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती दोन बाकांच्या मधे खाली बसली असावी. आपटा गेलं, जिते गेलं, हमरापूर गेलं, आणि मी डोळे मिटूनच होतो. झोपेचं सोंग घेणाऱ्याला झोप लागत नाही, हे तेव्हा कळलं.

पेणला मी उठलो. ती उठायच्या आत दारातून आलेल्या एका माणसाने माझ्या जागेवर पिशवी फेकली. मी उतरलो.

आता प्रश्न असा की, मी काही चुकीचं केलं का?

दिवसभर मी स्वतःचा वकील होतो, त्यामुळे माझी बाजू आधी सांगतो. जनरल डब्यात आरक्षण नसतं. जो आधी बसेल त्याची जागा. हा नियम माझ्या सोयीसाठी केलेला नाही, तो फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिसेरो या रोमन लेखकाच्या एका ग्रंथात नाट्यगृहाचं उदाहरण येतं. नाट्यगृह सगळ्यांचं असतं, तरीही ज्या जागेवर जो बसला ती त्याची, असं म्हणणं योग्यच आहे. सार्वजनिक गोष्टीतही खाजगी हक्क कसा तयार होतो, हे सांगायला ते उदाहरण दिलंय. ते मला पटतं. नाहीतर प्रत्येक स्टेशनवर नव्याने वाद घालावा लागेल. कोण जास्त म्हातारं, कोण जास्त दमलेलं, कोणाला जास्त लांब जायचंय, हे ठरवणार कोण? "आधी आला तो बसला" या नियमात ते ठरवावं लागत नाही. शिवाय मी पहाटे उठलो होतो, तासभर उभा राहिलो होतो. जागा आयती मिळाली नव्हती.

पण या हक्काला कडा आहेत. नाट्यगृहातली जागा मी बसलोय तोवरच माझी. तिथे मी दुसऱ्या जागेवर माझी पिशवी बसवू शकत नाही. आणि मी उठलो की जागा परत सगळ्यांची. म्हणजे ही मालकी जमिनीच्या सातबारासारखी नाही, ती वापरापुरती आहे. मग मला वापरायला किती लागतं? माझ्या मांडीच्या बाजूला चार बोटं जागा होती. ती मी वापरत नव्हतो. ती माझी होती का?

पेणच्या कारखान्यात गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं. पेणमध्ये आणि हमरापूर, जोहे या आसपासच्या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. आत रांगेने मूर्ती उभ्या असतात, बऱ्याचशा अजून पांढऱ्याच. रंग व्हायचा असतो, डोळ्यांची आखणी व्हायची असते. आम्ही निवडलेल्या मूर्तीला नावाची चिठ्ठी लावली आणि ती आमची झाली. ही जागा धरण्याची दुसरी रीत. इथे बसून राहावं लागत नाही, चिठ्ठी आपल्या वतीने बसते. रिझर्व्हेशनच्या डब्यातही तेच होतं. तिथे माझ्या जागेवर कोणी बसला तर मी नंबर दाखवला असता आणि कोणालाही वाईट वाटलं नसतं. जनरल डब्यात दाखवायला नंबर नसतो. तिथे समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं. म्हणूनच मी डोळे मिटले.

दुपारच्या मेमूने रोह्याला निघालो. डबा जवळजवळ रिकामा. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं येत होती, पावसाने भरलेली शेतं जात होती आणि मी बाकावर आडवा पडलो होतो. तीन माणसांची जागा मी एकट्याने घेतली होती आणि त्यात काहीही गैर नव्हतं. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंताने अठराव्या शतकात नेमकं हे मांडलं. सगळ्यांना पुरून उरेल इतकं असेल तर न्यायाचा प्रश्नच उभा राहत नाही, तो टंचाईतून जन्माला येतो. त्याचा उलटा भागही त्याने सांगितला. माणसं एकमेकांवर घरच्यांसारखं प्रेम करत असती, तरी हक्कांची गरज पडली नसती. आपण या दोन्हींच्या मधे राहतो. जागा थोडी कमी आणि माया थोडी कमी.

आत्याला सकाळची गोष्ट सांगितली. तिने वाढता वाढता एवढंच विचारलं, "मग नाही का म्हणाला नाहीस?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. खरंच, नाही म्हणता आलं असतं. "ताई, पेणला उतरतो, तोवर बसू द्या" असं म्हणता आलं असतं. रात्रपाळी करून आलेला माणूस नाही म्हणू शकतो, पाय दुखणारा म्हणू शकतो, नुसता कंटाळलेलाही म्हणू शकतो. नाही हे उत्तर असतं. समोरच्याला ते कळतं, तो दुसऱ्या बाकाकडे वळतो किंवा भांडतो. मी उत्तरच दिलं नाही. तिने प्रश्न विचारलाच नाही, असं मी केलं. आणि ज्याला आपल्या हक्काची खात्री असते तो झोपेचं सोंग कशाला घेईल? ते सोंग म्हणजे माझ्याविरुद्धची माझीच साक्ष होती.

त्यात आणखी एक नुकसान होतं, ते लोकलने फिरणाऱ्यांना लगेच कळेल. "कुठे उतरणार?" हा आपल्याकडचा एक न लिहिलेला करार आहे. उत्तर दिलं की उठताना ती जागा विचारणाऱ्याची. मी डोळे मिटल्यामुळे तिला तेही विचारता आलं नाही. जेमतेम तासाभराच्या अंगचोरीने मी तिची चिपळूणपर्यंतची जागा घालवली.

संध्याकाळी रोह्याला सावंतवाडीहून येणारी गाडी आली. दारात माणसं बसलेली. सकाळपासून बसलेल्यांच्या दृष्टीने आम्ही चढणारे म्हणजे घुसखोर. कसाबसा आत शिरलो. एका बाकाच्या टोकाला सदरा-टोपीतले एक आजोबा होते. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं, अंग चोरून घेतलं आणि म्हणाले, "बस रे झिला हय. खंय जातलंस?"

दिवा, म्हटलं. ते कुडाळला चढले होते. बाकाच्या कडेवर मी अर्धा टेकलो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा असाच बसतो, अर्धा बाकावर आणि अर्धा पायांवर.

गाडी पेणकडे निघाली तेव्हा विनोबा आठवले. त्यांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यातलं. ११ सप्टेंबर १८९५ ला ते तिथे जन्मले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्या रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. पुढे विनोबा जमीनदारांकडे मागत ते असं: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. त्यांनी ही जमीन तुझी नाहीच असं म्हटलं नाही. तुझी आहे हे मान्य करूनच मागितलं.

"वायच सरकाल काय?" याचं व्याकरण तेच आहे. जागा ज्याची नाही त्याला सरकायला कोण सांगेल? विचारणारी बाई माझा हक्क नाकारत नव्हती, मान्य करत होती. मी दिवसभर ज्या हक्काचा बचाव करत होतो, त्यावर कोणी हल्ला केलाच नव्हता. हक्क एवढंच सांगतो की मला इथून कोणी उठवू शकत नाही. मी इथे बसून काय करावं, हे तो सांगत नाही. ते माझ्यावर सोडलेलं असतं.

एक शंका उरतेच. सरकण्याने डबा मोठा होत नाही. भूदानातलीही बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही, आणि दानाने जमिनीचा प्रश्न सुटला नाही. गाडीला जनरल डबे किती लावायचे हे ठरवणारा माणूस त्या डब्यात बसत नाही. आपण एकमेकांना सामावून घेत राहिलो तर त्याला कधी कळणारही नाही की जागा कमी आहे. हे खरं आहे. जादा डब्यांची मागणी केलीच पाहिजे. पण मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला "आधी डबे वाढू देत" हे उत्तर होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि एक केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

पेणला एक बाई चढली, पापडाच्या पिशव्या घेऊन. माझ्यासमोर उभी राहिली. मला सरकायला जागा नव्हती, मी आधीच कडेवर होतो. मी उठलो आणि म्हटलं, "पनवेलपर्यंत तुम्ही बसा, मग मी बसतो." ती म्हणाली, "मी पनवेललाच उतरते." आजोबा हसले. यात मोठेपणा काही नव्हता, अर्धीच जागा होती आणि तीही त्यांनी दिलेली.

दाराशी उभा राहिलो. सकाळची ती बाई दुपारीच चिपळूणला उतरली असेल. पेणनंतर तिला कोणी जागा दिली का, हे मला कधीच कळणार नाही.