पाणी अडवले, वाटायचे राहिले

बालाघाटच्या डोंगररांगेतल्या गावांना हवामान बिघडले आहे हे कोणी सांगावे लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटले होते आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पुढे 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की मांजरा आणि सिंदफणा या नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि जमिनी खरडून निघाल्या. एका दशकात एकाच शिवाराने दोन टोके पाहिली. अशा वेळी गावाने हळूहळू एकजुटीने सावरावे, की ज्या व्यवस्थेने ही वेळ आणली तीच मुळातून बदलावी? जगभर हा वाद आज पेटला आहे. महाराष्ट्रात तो पाण्याच्या निमित्ताने फार आधीपासून चालू आहे.

जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा डोंगरउतारावरची सुपीक माती वाहून जाते हे त्यांनी नेमके हेरले होते. सरकारने फौज आणि पोलीस लावून ताली-बंधारे घालावेत, पाणी जिरवावे, असे त्यांनी सुचवले. माती राखणे आणि सत्तेला जाब विचारणे हे त्यांच्या लेखी एकच काम होते. मला हा सगळ्या विचाराचा पाया वाटतो.

1972 च्या दुष्काळाने या विचाराला हात-पाय दिले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पोहोचली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते झाले. माणसे जगली, हे या योजनेचे थोर काम. पण खडी फोडणाऱ्या भूमिहीन बाईच्या वाट्याला मजुरी आली आणि पाझरलेले पाणी बहुधा तलावाखाली ज्याची विहीर होती त्याला मिळाले.

हीच गोष्ट विलासराव साळुंखे यांना खटकली. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणशी अर्धा एकर भिजेल इतके द्यायचे, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पुढे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीतल्या वाळूची लूट अडवली, थोडी वाळू गावानेच विकून बळीराजा धरण बांधले आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी राज्यापुढे ठेवली. गावाने आपल्या बळावर उभे राहणे आणि मालकीचा पाया हलवणे, दोन्ही एकाच हाताने चालले होते. त्यांना कोणी सुधारक की क्रांतिकारक असे विचारले असते, तर प्रश्नच चुकीचा ठरला असता.

मग 1989 नंतर हिवरे बाजार आले. पोपटराव पवारांच्या गावाने शेतीच्या बोअरला बंदी घातली, उसाला नकार दिला, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. काम खरे आणि शिस्तीचे. पण राज्यभर त्याचे अनुकरण झाले ते प्रामुख्याने खोदाईचे. बंदी आणि ताळेबंद बहुतेक ठिकाणी मागे पडले. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा अंबाजोगाईत आली आणि 2017 मध्ये केज तालुक्यातही. भर उन्हात माणसे समतल चर खणायला उतरली, त्या उमेदीबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र पाणी अडवण्याला स्पर्धा होती, वाटण्याला नव्हती. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई करणारा भूजल कायदा 2009 चा आहे. बोअरच्या गाड्या मात्र गावोगाव फिरतातच. चरांत जिरलेले पाणी ज्याच्याकडे खोल बोअर घेण्याची ऐपत, त्याच्या शेतात जाते.

नुसता वरून आलेला बदलही पुरत नाही, याचा पुरावा केज तालुक्यानेच दिला. कोळशाची वीज सोडून पवनचक्क्यांकडे जाणे हा हवामानासाठी मोठाच बदल. तो इथे कंपनी, ठेका आणि गुंडगिरी यांच्या वाटेने आला. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असे आरोपपत्र सांगते. वारा गावचा, टेकड्या गावच्या. पण त्या विजेत गावाची भागीदारी ठेवली असती, ग्रामसभेत हिशेब झाला असता, तर खंडणीखोरांना इतकी मोकळी जागा मिळाली नसती, असे मला वाटते.

आणि गाव म्हणजे तरी कोण? मराठा आरक्षणाच्या वादानंतर, ऑक्टोबर 2023 च्या जाळपोळीनंतर, बीड जिल्ह्यात जातींमध्ये जी फट पडली आहे ती श्रमदानाने आपोआप भरत नाही. त्याहून जुनी फट कोयत्याची. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन साखरपट्ट्यात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये चर खणायला ते गावात असतात. रब्बीला किती पाणी, कोणाला किती, हे पावसाळा संपल्यावर ठरते, तेव्हा ते दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडत असतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेलाही ते नसतात. घाम त्यांचा, निर्णय मागे राहिलेल्यांचा.

म्हणून मला पुढचे पाऊल अगदी साधे आणि तरीही मुळाला हात घालणारे दिसते. पाण्याच्या ताळेबंदाची ग्रामसभा कोयता निघण्याआधी, दसऱ्यापूर्वी घ्यावी. परतीचा पाऊस बाकी असला तरी अंदाज बांधता येतो. त्या सभेत भूमिहीन आणि ऊसतोड कुटुंबांचा वाटा माणशी नोंदवावा. ज्याच्याकडे शेत नाही त्याने आपला वाटा कसणाऱ्याला खंडाने द्यावा, आणि त्या नोंदीला सरकारने कायद्याचे बळ द्यावे. हातात असा काही आधार आला, तर एखादे कुटुंब उचल नाकारून त्या वर्षी गावातच राहू शकेल आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेतही बसलेले असेल.