पेव आणि पाकीट

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी एक यंत्र आले. दिसायला लांबट कंपासपेटीसारखे. प्लास्टिकच्या पिशवीत जिन्नस भरावा, पिशवीचे तोंड यंत्राच्या जबड्यात द्यावे आणि बटण दाबावे. घुर्र आवाज करीत ते आतली हवा ओढून घेते आणि तापलेल्या पट्टीने पिशवीचे तोंड चिकटवून टाकते. आमची मुलगी शिकायला बंगळूरला आहे. तिला फराळ खुसखुशीत मिळावा म्हणून ते घेतले, असे आमच्या घरात सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण घरात आलेले यंत्र एका कामावर थोडेच थांबते! आठवडाभरात डाळी, रवा, बेदाणे असे सगळे त्याच्या जबड्यातून जाऊन आले. गोधड्यांसाठी वेगळ्या मोठ्या पिशव्या आल्या. त्यांतली हवा झाडलोटीच्या यंत्राने ओढायची. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आजवर अख्खा कप्पा अडवून बसत असे. ती पापडासारखी चपटी होऊन कपाटाच्या तळाशी गेली. मला ती तशी पाहवेना. पण कप्पा रिकामा झाला होता, आणि रिकाम्या कप्प्यापुढे नवऱ्याचे काही चालत नाही.

चकलीने मात्र यंत्राला पहिला धडा शिकवला. हवा जाताच पिशवी चारी बाजूंनी आवळली आणि आत चकलीचा चुरा झाला. तेव्हापासून आमची सौ. घुर्र ऐकत उभी राहते आणि पिशवी चकलीला नुसती चिकटली, की लगेच हवा ओढणे थांबवून तोंड बंद करते. हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही.

मी शाळेत मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकापाशी थांबले. तरी एवढे कळते, की हवेतला पाचवा हिस्सा जो प्राणवायू, त्यानेच तेल खवट होते आणि त्याच्याच जिवावर बुरशी नि पोरकिडे जगतात. तो काढून घेतला, की नासणे लांबते. लांबते, थांबत नाही. आणि काही जंतू तर असे, की त्यांना हवा नसलेलीच बरी. ओला शिजवलेला पदार्थ असा बंद करून बाहेर ठेवला, तर वासही न येता त्याचे विष होऊ शकते. फराळ कोरडा, म्हणून निभावते.

सांगलीच्या माणसाला खरे तर यात नवल वाटू नये. कृष्णा-वारणेच्या संगमावर आमचे हरिपूर आहे, आणि हरिपूरची हळदीची पेवे एके काळी दूरवर ठाऊक होती. जमिनीत खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मोठे. आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत अडकलेली हवा आतल्या आत वापरली जाते, ती संपली की कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे राहते. यंत्र हवा ओढून काढते, पेव ती संपू देते. फरक काय तो एवढाच. २००५ च्या महापुराने या पेवांची फार नासाडी केली. वर्गात 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आला, की मुले माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहतात. पेव म्हणजे एखादे फळ असावे असे त्यांना वाटते.

पेव उघडण्याची एक रीत आहे. झाकण काढले की कोणी लगेच आत उतरत नाही. काही तास ते तसेच उघडे ठेवतात, मग दोरीने कंदील खाली सोडतात. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर थांबतो. ज्या बंद हवेने हळद वाचवली, तीच माणसाचा जीव घेते. मी लहानपणी हे प्रथम ऐकले तेव्हा मला त्यात भुताची गोष्ट दिसली होती.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. दर दिवाळीला त्यांचे ताट आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे, हा वीस वर्षांचा शिरस्ता. गेल्या पाडव्याला त्या ताट घेऊन आल्या. चार करंज्या, दोन लाडू, वाटीभर चिवडा, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामे परत करू नये ही रीत. सौ. स्वयंपाकघरात गेली. डब्यांत सुटे काहीच नव्हते. सगळा फराळ दोन आठवडे आधीच होऊन, पाकिटांत बंद होऊन, वर तारखा लिहून कपाटात बसला होता; मुलीकडे गेलेली सोडून चांगली अकरा पाकिटे. एक फोडले तर ते संपवावे लागेल. न फोडले तर सहा महिने राहील. सौ.ने ताटात चमचाभर साखर घातली आणि ते परत दिले. काकू म्हणाल्या, "असू दे गं, तुमचं अजून व्हायचं असेल." मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. मला अकराचा आकडा ठाऊक होता. मी मान वर केली नाही.

त्या रात्री मी विचार करीत पडलो. आजवर आम्ही काकूंना जे ताट देत आलो ते आमच्या मनाच्या मोठेपणाने, असे मी समजत होतो. पण त्यात चकली मऊ पडेल, लाडवाला वास येईल, ही धास्ती किती होती? मला वाटते, पुष्कळ होती. आमच्या औदार्याला नासण्याचा केवढा आधार होता, ते नासणे थांबल्यावर कळले.

म्हणून टिकवणे वाईट, असे म्हणून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. पण दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी उघडली, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. ती उघडण्यापूर्वी कोणीतरी नीट राखलेली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. आतले धान्य कुजले असते, तर पंत काय देणार होते? आणि हळदीला पडता भाव असताना पेवाचे तोंड बंद ठेवणारा शेतकरी, त्याला मी कोणत्या तोंडाने साठेबाज म्हणू? त्याच पेवावर भाव चढण्याची वाट पाहत व्यापारीही बसतो. लिंपलेल्या मातीवरून आत कोणाची हळद आहे ते ओळखू येत नाही. माझ्या कपाटातली अकरा पाकिटे कोणत्या जातीची होती, हे मला त्या रात्री सांगता आले नसते. सहा महिन्यांनी कोण येणार होते, ज्याच्यासाठी ती राखली होती? मुलीचा वाटा तर केव्हाच गेला होता.

सौ.लाही झोप नव्हती. "अहो, साखर घातली ते बरं दिसलं नाही ना?" एवढेच ती म्हणाली. मी "हूं" म्हणालो.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी तिने आपण होऊन कात्री घेतली. पाकिटाचा कोपरा कापताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि आवळलेली पिशवी सैल पडली. ताट भरले, तोच क्रोशाचा रुमाल, जो आमच्याकडेच राहिला होता, वर घातला, आणि आम्ही दोघेही काकूंकडे गेलो.

काकूंनी चकली मोडली. कुर्रकन वाजली.

"आजच तळलीस होय गं?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. हो म्हणणे फार सोपे होते. चकलीनेही तशीच साक्ष दिली असती.

"नाही काकू," मी म्हणालो, "दिवाळीच्या आधीची आहे. बंद करून ठेवली होती."

काकूंनी हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले.

"मग चांगली राहिली की, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी घेतली.