विरळणी

युसूफ वडगावातल्या आमच्या घरामागे दोन खाटा टाकल्या तर चालायला जागा उरणार नाही, एवढेच परस आहे. त्यात एक लहानसा गादीवाफा, भिंतीला टेकवलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या, एक फुटकी घागर आणि मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपे. घरापुरती भाजी व्हावी आणि शेजारच्या दोन-चार घरांना रोपे देता यावीत, एवढाच या खटाटोपाचा हिशेब. लिहावा असा एखादा प्रश्न तिथे उभा राहील, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात सरबतासाठी चिरलेल्या कागदी लिंबांच्या बिया आम्ही धुऊन लगेच पिशव्यांत लावल्या. लिंबाची बी वाळली की उगवण कमी होते, म्हणून ती ओली असतानाच लावायची. प्रत्येक पिशवीत एकच बी. तीन आठवड्यांनी पाहिले तर एका पिशवीत एक कोंब, दुसरीत दोन आणि तिसरीत चक्क तीन. त्या तिघांतला एक ताठ, दुसरा त्याच्या खांद्याला आलेला आणि तिसरा सुईसारखा बारीक, पाने जेमतेम उघडलेली. पिशवीत एकच रोप ठेवावे, जोमदार असेल ते राखावे, बाकीची काढून टाकावीत, हा रोपवाटिकेचा साधा नियम. यालाच विरळणी म्हणतात. आम्ही कात्री घेऊन बसलो. नऊ वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारले, "अब्बा, इसमें जास्तीका कौनसा है?"

बोट दाखवायला आम्हाला क्षणही लागला नसता. पण तो "जास्तीचा" शब्द कानात अडकला. बी आम्ही एकच लावली होती. तिच्यातून तीन कोंब काढणारा दुसराच कोणी होता. मग त्यातला जास्तीचा कोणता, हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे कुठून आला?

पहिले उत्तर मनात आले ते सरळ होते. वनस्पती माणसाच्या उपयोगासाठी आहे. शेतकरी निंदणी करतो, विरळणी करतो, त्यात कसला गुन्हा? हे उत्तर खरेच आहे. पण कुरआनात असेही सांगितले आहे की आकाशात आणि जमिनीवर जे काही आहे ते सारे अल्लाहची तस्बीह करते, फक्त आपल्याला ती समजत नाही. मग उपटताना एवढे तरी विचारले पाहिजे की हे गरजेपोटी आहे की केवळ सोयीपोटी? गरज आणि इसराफ यांतला फरक आपल्या दीनने पाण्याच्या थेंबापर्यंत नेला आहे. रोप त्यातून सुटत नाही.

या फरकाचा अनुभव आम्हाला २०१६ च्या उन्हाळ्यात आला होता. मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला. त्या वर्षी ते कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या घरातही पाणी घागरींवर मोजले जात होते. वजूचे पाणी आम्ही परातीत धरून रोपांना घालत असू. एकदा वजूला वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाक नसते. त्याने रोप जगते. तरीही बारा मिरच्यांना ते पुरेना. तेव्हा आम्ही पाच ठेवल्या आणि सात जाऊ दिल्या. त्याचे वाईट वाटले, पण मनाला टोचणी लागली नाही. पाणीच नव्हते.

टोचणी लागायला हवी होती ती दुसऱ्याच वेळी. पाणी बरे असते त्या वर्षी आम्ही काय करतो? मिरचीची पुडी फोडतो आणि मूठभर बी वाफ्यावर विस्कटून देतो. काही मुंग्या नेतील, काही उगवणार नाही, काही पाणी जास्त झाल्याने कोलमडेल. म्हणून लागते बारा, आणि पेरतो दोनशे. आठ-दहा दिवसांत हिरवी लव उठते, ती पाहून बरे वाटते. पुढच्या आठवड्यात रोपे एकमेकांच्या उजेडात येऊ लागतात, देठ लांबट आणि फिके पडतात, आणि मग आम्ही मुठीने उपटतो. उपटताना म्हणतो, दाटी झाली होती. ती दाटी कोणी केली? आमच्या भीतीने आणि आमच्या आळसाने. ओळीत बोटभर अंतरावर एकेक बी टाकायला, वर गोणपाट झाकायला, कोंब दिसताच ते काढायला आणि पाणी झारीने बेताने द्यायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ आम्ही दिला नाही आणि त्याची किंमत त्या उपटलेल्या रोपांनी दिली. विरळणीचा दोष उपटणाऱ्या हातात शोधण्यात अर्थ नाही. तो पेरणाऱ्या हातात असतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. काढायचेच असेल तर दुबळे काढावे म्हणतात. पण दुबळे कोण, हे आपल्याला कळते का?

परसातल्या या कारभारात आम्ही तीनदा चुकलो आहोत. टोमॅटोची रोपे आम्ही खोलीतल्या खिडकीशी केली होती. त्यातली सर्वांत उंच तेवढी राखली आणि बुटकी काढून टाकली. ती उंच रोपे वाफ्यात लावल्यावर पहिल्याच वाऱ्याने आडवी झाली. नंतर समजले की ती उंची जोमाची नव्हती, उजेडाच्या भुकेची होती. ज्याला उजेड कमी मिळतो ते रोप अंग सोडून वर धावते. बुटकी, जाड देठाची रोपे खरी धडधाकट होती. ती आम्ही उकिरड्यावर टाकली होती.

दुसरी चूक सीताफळाची. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपोआप उगवते आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच्या बिया पिशव्यांत लावल्या, तीन आठवडे वाट पाहिली आणि उगवत नाहीत म्हणून माती वाफ्यात ओतून दिली. पुढे वांग्याच्या ओळीत सीताफळाची दोन रोपे वर आली. त्या बीचे कवच टणक असते, तिला उगवायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो. बी मेलेली नव्हती. आमचा सब्र संपला होता.

तिसरी चूक त्या दिवशी होता होता राहिली. मुलीच्या प्रश्नामुळे कात्री बाजूला ठेवली आणि एका बीतून तीन कोंब का येतात, याचा शोध घेतला. लिंबूवर्गातल्या पुष्कळ झाडांच्या एका बीत एकाहून अधिक गर्भ असतात. त्यातले बहुतेक आईच्याच पेशींतून तयार होतात, म्हणजे ते आईची हुबेहूब नक्कल असतात आणि सहसा तेच जोमाने वाढतात. परागकण आणि बीजांड यांच्या मिलनातून झालेला, आईचे आणि बापाचे दोघांचेही काही घेऊन आलेला गर्भ पुष्कळदा मागे पडतो, बारीक राहतो. रोपवाटिकेवाला जोमदार राखतो, कारण त्याला आईसारखेच फळ देणारे झाड हवे असते. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आम्ही ज्याच्यावर कात्री चालवणार होतो ते सुईसारखे रोप कदाचित त्या तिघांतले एकटेच असे असेल, की ज्याच्यासारखे लिंबाचे झाड याआधी कधी नव्हते. ते गोड निघेल की कडू, काटेरी की वांझ, सांगता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून कागदी लिंबाची 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' ही वाणे निवडीतूनच पुढे आली. निवड करायला मुळात फरक लागतो. सगळे एकसारखेच असतील तर निवडणार काय?

इथवर आलो तेव्हा परसातला विषय परसात राहिला नाही. आमचा पेशा शिकवण्याचा आहे. वर्गातही आम्ही विरळणी केली आहे, हे कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला जात, तोही जाई. कारखान्याचा पट्टा पडला की परत येई. त्या वर्षी आम्ही अकरा मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेसाठी निवडले होते. तो परत आला तेव्हा वर्ग चार महिने पुढे गेला होता. आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले आणि फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले. तो उतरवत राहिला. त्याने काही विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. हजेरीत त्याच्या नावापुढे आम्ही "अनियमित" असा शेरा लिहिला. जूनमध्ये तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. अकरा मुलांचा निकाल चांगला लागला आणि आमचे कौतुक झाले.

"अनियमित" हा शब्द "जास्तीचा" या शब्दाचाच सरकारी अवतार होता, हे आम्हाला लिंबाच्या पिशवीपाशी कळले. तो मुलगा दुबळा नव्हता. त्याला चार महिने उजेड मिळाला नव्हता.

हे एकट्या आमचे नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के एक तर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. तो आकडा वाचून आपण शासनाला जाब विचारला आणि तो विचारलाच पाहिजे. पण गळती हा शब्द आपल्याला फार सोयीचा आहे. पाणी गळते, पान गळते, त्यात कोणाचा हात दिसत नाही. चारातला एक गेला, त्यातले किती आपोआप गळाले आणि किती हाताने उपटले गेले, हे प्रत्येक उस्तादाने स्वतःच्या हजेरीत पाहावे.

कोणी म्हणेल, शिक्षकाजवळही पाणी मोजकेच असते. चाळीस मुले, एक माणूस, वर कागदपत्रे. सगळ्यांना सारखे कुठून पुरणार? हा आक्षेप खोटा नाही. २०१६ साली आम्ही सात मिरच्या जाऊ दिल्याच होत्या. पण इथे एक फरक आहे. मिरची आम्ही आमच्यासाठी लावली होती. मूल आम्ही पेरलेले नसते, ते आमच्याकडे अमानत म्हणून येते. अमानतीत पाणी कमी पडले तर आधी कोणाला द्यायचे, हा क्रम लावता येतो. कोण जास्तीचा, हे ठरवता येत नाही. आणि क्रमच लावायचा तर जो चार महिने कोरडा राहिला त्याचा नंबर पहिला लागतो, आम्ही तो शेवटी लावला.

आपण ज्याला तरबियत म्हणतो तो शब्द आणि रब हा शब्द अर्थाने जवळचे आहेत. एखाद्या गोष्टीला पायरी-पायरीने, तिच्या गरजेप्रमाणे, तिच्या पूर्णतेपर्यंत नेणे, असा रुबूबियतचा अर्थ उलेमांनी सांगितला आहे. मौलाना आझादांनी तर्जुमानुल कुरआनात यावर सविस्तर लिहिले आहे. रोप करणाऱ्याला हा अर्थ पाठ करावा लागत नाही. बीला ओल लागते, कोंबाला उजेड, चार पानांना खत, आणि लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करून ऊन दाखवावे लागते. सगळ्यांना एकाच दिवशी एकच गोष्ट देणारा माणूस रोपे मारतो.

इथे हजरत सलमान फारसी रदियल्लाहु अन्हु यांची हकीकत आठवते. गुलामीतून सुटण्यासाठी त्यांना मालकाला चाळीस ऊकिया सोने आणि खजुराची तीनशे रोपे द्यायची होती. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सहाबांना मदत करायला सांगितले. कोणी तीस रोपे आणली, कोणी वीस, कोणी पंधरा, कोणी दहा. खड्डे खणले गेले आणि हुजूरांनी आपल्या हाताने रोपे लावली. रिवायतीत आहे की त्यातले एकही मेले नाही. आम्ही ही हकीकत लहानपणापासून ऐकत आलो, पण अटीकडे लक्ष आत्ता गेले. अट रोपे लावण्याची नव्हती, जगवून देण्याची होती. एका माणसाचे स्वातंत्र्य तीनशे रोपांच्या जगण्यावर टांगलेले होते. ती रोपे कोणा एकाच्या घरची नव्हती, साऱ्या जमातीने ती जमवली होती. दहा आणणाऱ्याला तू तीस का आणली नाहीस, असे कोणी म्हणाल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पिशवी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली. माती सैल झाली तेव्हा तिन्ही रोपांची मुळे बोटांनी हळूहळू सोडवली आणि तीन पिशव्यांत लावून सावलीत ठेवली. मधले रोप आठवड्यात सुकले. ताठ होते ते आता गुडघ्याएवढे आहे. सुईसारखे होते ते वीतभर आहे आणि त्याच्या पानांची ठेवण जराशी वेगळी दिसते, असे मुलीचे म्हणणे आहे. बीपासून केलेल्या लिंबाला फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात, कधी त्याहून अधिक. त्याआधी त्याच्याविषयी काही बोलण्यात अर्थ नाही.

मिरचीचे बी आम्ही आता मोजून, ओळीत पेरतो. वीस पेरतो, बारा लागतात, उरलेली शेजारी जातात. दिवाळीनंतर जाणाऱ्या मुलांची वेगळी वही केली आहे. कोण कुठल्या धड्यावर थांबला, ते तिच्यात लिहितो आणि परत आल्यावर तिथूनच सुरुवात करतो. फार मोठे काम नाही. पहिल्या पानावर त्या मुलाचे नाव लिहिले आहे. पुढची जागा कोरी आहे, कारण तो कुठल्या धड्यावर थांबला, हे तेव्हा आम्ही पाहिलेच नव्हते.