बूट दिसतायत, नदी कुठे आहे?

चिरंजीव, ते खोकं टेबलावर ठेवा आणि मोबाइल खिशात घाला. फोटोत काय दिसतं ते मला बघायचं नाही. झाकण मी काढतो.

“सर, रेझिन अगदी काचेसारखं आलंय,” हे तू दारातच सांगून टाकलंस. आलंय खरं, आणि तेच दुखणं आहे. वरून बघितलं की पुतळ्याचे बूट दिसतात, बुटांची नाल दिसते, तळाला तू मोजून ठेवलेले गोल गोटे दिसतात. मला एवढंच सांग, बेरेझिना नदीत उभ्या असलेल्या माणसाचे बूट कोणाला दिसले होते?

या देखाव्यासाठी प्रसंग तूच निवडलास. नोव्हेंबर १८१२. मॉस्कोहून मागे फिरलेलं नेपोलियनचं सैन्य आजच्या बेलारूसमधल्या या नदीशी येऊन अडलं. नदी गोठलेली असेल आणि तिच्यावरून चालत जाऊ, असा हिशेब होता. पण मध्येच थंडी सैलावली आणि नदी वाहती झाली. तिच्यावरून बर्फाच्या लाद्या धावत होत्या. जनरल एब्लेच्या हाताखालचे पूल बांधणारे, त्यांतले बरेचसे डच, त्या पाण्यात छाती-खांद्यापर्यंत उतरले. स्टुडियांका गावातली घरं पाडून त्यांनी लाकूड आणलं आणि २६ तारखेला दोन पूल उभे केले. नदीच्या तळाला चिखल होता, पुलाच्या लाकडी घोड्या त्यात रुतत होत्या, आणि गाड्यांचा पूल पुन्हा पुन्हा मोडत होता. त्याआधी वाटेत ओर्शा गावात पुलाचं सामान जाळायचा हुकूम सुटला होता, तरी एब्लेने हत्यारं, भाते आणि कोळसा राखून ठेवला होता, म्हणून हे जमलं. पाण्यात उतरलेल्यांतले फार थोडे वाचले. एब्ले स्वतःही वर्ष संपता संपता क्योनिग्सबर्गला मरण पावला.

हे सगळं तू वाचलंयस. मागच्या आठवड्यात मलाच घडाघडा सांगितलंस. मग बेस करायला बसलास तेव्हा ते गेलं कुठे? वाहती नदी म्हणून अख्खी गोष्ट घडली, आणि तू पाणी थिजवून ठेवलंस! वर लाद्यांना निळा रंग. हा निळा चौपाटीवरच्या गोळ्याच्या गाडीवर शोभतो. बर्फ निळा दिसतो तो हिमनदीत, जिथे तो दाबाखाली दाट झालेला असतो आणि उजेडाला त्यातून कित्येक मीटर जावं लागतं. तेवढ्या वाटेत तांबडा प्रकाश शोषला जातो, निळा उरतो. वीतभर जाडीच्या नदीच्या लादीत तेवढी वाट आहेच कुठे? वाहत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण धरतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात हवा अडकते. अशी लादी मळकट पांढरी दिसते. लाद्या एकमेकींवर घासून त्यांचे कोपरे झिजतात आणि कडेला भुग्याची बारीक वरंबी उभी राहते. तू अ‍ॅक्रिलिकची पट्टी कडाकडा मोडलीस आणि त्रिकोणी तुकडे पसरलेस. ही फुटलेली खिडकी झाली.

आता फूटपट्टी घे. पुतळा चोपन्न मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एकास बत्तीस. पंधरा सेंटिमीटर जाडीची लादी या मापात पाच मिलिमीटरची होते. तुझी पाचचीच आहे, हे बरोबर. पण ती सगळीच्या सगळी पाण्याच्या वर बसलीये. बर्फाचे दहातले नऊ भाग पाण्याखाली असतात, हे शाळेत घोकलं होतंस ना? पाच मिलिमीटरमधला जेमतेम अर्धा मिलिमीटर वर दिसला पाहिजे. त्यावर हिम पडलं असेल तर लादी आणखी दबते. लाद्या तू रेझिन सुकल्यावर डिंकाने चिकटवल्यास, हे दुसरं कोणाला कळणार नाही असं वाटलं का?

आणि त्या कुठे चालल्यात? एक इकडे, एक तिकडे, एक थेट पुलाखाली आडवी. पाणी वरून खाली येत असेल तर लाद्या घोडीच्या वरच्या अंगाला तुंबणार, एकीवर एक चढणार, आणि खालच्या अंगाला पाणी मोकळं राहणार. माणसाच्या छातीशी वरच्या बाजूने पाणी फुगणार, पाठीमागे खळगा पडणार. तुझा माणूस टाकीत उभा आहे. रेझिन त्याच्या कोटावर दीड-दोन मिलिमीटर चढलंय, तेही चारी बाजूंनी सारखं. खऱ्या मापात हे पाच-सहा सेंटिमीटर होतात. त्याच्या वर कोट ठणठणीत कोरडा, कडक इस्त्रीचा! लोकर पाणी ओढते रे. पाण्याच्या वर बोटभर तरी कापड काळवंडायला हवं होतं.

आता मुळाशी येतो. अडतीस मिलिमीटर रेझिन तू का ओतलंस, ते मला ठाऊक आहे. बूट रंगवले होतेस, फार सुरेख रंगवले होतेस, आणि ते झाकायला तुझा जीव होईना. म्हणून दलदलीतून येणारी, शेकडो पायांनी ढवळलेली नदी तू गाळून घेतलीस. पाणी गढूळ असेल तर पुतळा छातीशी कापून ठेवायचा. होय, करवतीने! खाली फोम, त्यावर तपकिरी-करडा रंग, काठाकडे फिका, मध्ये गडद. त्यावर रेझिनचा पातळ थर, मग जेलने लाटा. जे दिसत नाही ते बनवायचंही नाही. बाटलीही वाचली असती आणि पैसेही, पण ती गोष्ट तुझ्या वडिलांनी बोलायची.

कारागिरीबद्दल फार बोलत नाही. या साध्या रेझिनचा थर एका वेळी तीन ते सहा मिलिमीटरचा घालायचा असतो, तू एका दमात सगळं ओतलंस. घट्ट होताना ते स्वतःच तापतं. खालचा थर्मोकोल त्या उष्णतेने बसला आणि तिथे पोकळी आली. लाकडाची छिद्रं आधी बुजवली नव्हतीस, म्हणून बुडबुड्यांची माळ वर आलीये. हार्डनर अंदाजपंचे. डब्यावर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे वाचायला किती वेळ लागतो? वरचा तेलकट चिकटा जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेचा आहे, पंखा लावून तो जात नाही. तो कोमट पाण्याने धुवायचा असतो, पुढचा थर घालायच्या आधी. हिम म्हणून खाण्याचा सोडा पसरलास. दिवाळीपर्यंत तो ओल धरून पिवळा पडेल. काचेचे बारीक मणी कपाटात होते, विचारलं असतंस तर दिले असते, तोंडाला मास्क बांधायच्या अटीवर. आणि हात दाखव. हातमोजे नाहीत. कच्च्या रेझिनची अ‍ॅलर्जी एकदा अंगात बसली की जन्माची बसते, मग हा छंद विसरायचा. या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेणार नाही.

मान खाली घालू नकोस, बेसकडे बघ. हेअर ड्रायरने ऊब दे, रेझिन मऊ पडेल, मग पुतळा हळूहळू सोडव. धातूचा आहे, त्याला काही होत नाही. रंग निघेल, निघू दे. बूट कापून माझ्या टेबलावर ठेव. शुक्रवारी येताना रंगवलेलं काहीही आणायचं नाही. कोऱ्या फळीवर पेन्सिलीने एक बाण काढून आण, पाणी कुठून कुठे जातंय त्याचा. त्या बाणाच्या हिशेबाने कागदाच्या लाद्या कापून मांड. रेझिनची बाटली तोपर्यंत माझ्या कपाटात राहील.