ताजेपणाची साक्ष

कापलेलें सफरचंद थोड्याच वेळांत तपकिरी पडतें, हें प्रत्येक घरास ठाऊक आहे. सुरीच्या घावानें पेशी फुटतात, आंतील एक विकर हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें फळाच्या द्रव्यांत पालट घडवूं लागतें, आणि पांढरा गर काळवंडतो. मोठ्या शहरांत चिरलेल्या फळांचा व भाज्यांचा व्यापार आतां वाढला आहे. हा माल अधिक दिवस टिकावा म्हणून पिष्ट, पेक्टिन किंवा समुद्रशेवाळांतील अल्जिनेट यांचे पातळ पापुद्रे करण्याचें संशोधन चालूं आहे. त्यांत लवंगेच्या वा दालचिनीच्या तेलाचा अंश मिसळतात; तो हळूहळू बाहेर पडून बुरशीची व जंतूंची वाढ रोखतो. केवळ झांकण न राहतां स्वतः कार्य करतें, म्हणून अशा वेष्टणास ‘क्रियाशील’ म्हणतात.

वेष्टण वनस्पतिजन्य आहे, तेव्हां तें निर्दोष असलेंच पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. धोतरा हीदेखील वनस्पतिच आहे. वेष्टण कशाचें केलें हा रसायनशास्त्राचा प्रश्न झाला. तें घेणाराशीं खरें बोलतें कीं नाहीं हा नीतीचा प्रश्न आहे, आणि पहिल्याच्या उत्तरानें दुसरा सुटत नाहीं.

काळवंडलेला रंग, सुकलेली कड, आंबूस वास ही फळाच्या वयाची साक्ष होय. विकणारास जें माहीत असतें व घेणारास नसतें, तें याच साक्षीनें कांहींसें उघड होतें. ही साक्ष दाबली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथील उपाहारगृहांत कच्च्या पालेभाज्या टवटवीत दिसाव्या म्हणून त्यांस सल्फाइट लावण्याची चाल होती. दम्याच्या कित्येक रोग्यांच्या तें प्राणांवर बेतलें. अखेर १९८६ सालीं कच्च्या खावयाच्या फळभाज्यांवर त्याचा उपयोग करण्यास तेथील सरकारनें बंदी केली. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लिस्टेरिया नांवाचा रोगजंतु शीतकपाटाच्या थंडींतही वाढतो, आणि तो वाढल्यानें फळाचा रंग किंवा वास बदलेलच असें नाहीं. ज्या वेष्टणानें काळेपणा थांबला पण हा जंतु थांबला नाहीं, त्यानें रोग बरा न करतां रोग्याचें तोंड मात्र बांधलें, असें म्हणावें लागेल. आणि या फोडी बहुधा मुलाच्या डब्यांत किंवा आजाऱ्याच्या ताटांत जावयाच्या असतात.

तथापि टिकविणें हाच दोष, असें मानणारांच्या पंक्तीस आम्ही बसूं इच्छीत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील सुमारें १४ टक्के अन्न कापणीनंतर, किरकोळ दुकानांत पोंचण्यापूर्वींच, वाया जातें. त्याबरोबर शेतकऱ्याचे श्रम व जमिनीचें पाणीही जातें. आपल्या पूर्वजांनीं लोणचीं, मुरांबे, सांडगे यांच्या रूपानें हाच उद्योग केला. परंतु लोणचें आपण ताजी कैरी आहों असा आव आणीत नाहीं. त्याचें वय त्याच्या रूपावरच लिहिलेलें असतें.

यावरून आमचा निकष असा: नास खरोखर लांबविणें ही सेवा आहे; केवळ नासाची खूण लांबविणें ही फसवणूक आहे. ज्या वेष्टणानें एक साक्ष थांबविली, त्यानें तिच्या जागीं दुसरी द्यावी. हें अशक्य नाहीं. तांबड्या कोबीच्या रंगद्रव्याचे असे पापुद्रे संशोधकांनीं केले आहेत कीं, आंतील पदार्थाची आम्लता बदलतांच त्यांचा रंग पालटतो. तेवढें न साधलें तरी फळ चिरल्याचा दिवस ठळक छापण्यास कोणतेंच नवें शास्त्र लागत नाहीं.

घरांत चिरलेल्या फळास यांतील कशाचीच गरज नसते, कारण ‘केव्हां चिरलें?’ असें चिरणारास तेथें विचारतां येतें. दुकानांतील फळ कोणी व केव्हां चिरलें, हें सांगण्यास समोर कोणीच नसतें. त्या अनुपस्थित माणसाचें उत्तर वेष्टणानें द्यावयाचें आहे, आणि तें खरें असलें पाहिजे.