समुद्राचा शब्बाथ

वाचन : लेवीय २५:१–७, २६:३३–३५



ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ज्ञानाचे मोल सांगताना पोवळ्याचा उल्लेख येतो. आमच्या हुबळीच्या संडे स्कूलमध्ये हा अध्याय चालला असता एका मुलीने विचारले, "काका, पोवळे म्हणजे दगड की झाड?" मी ठसक्यात सांगितले, "दगड." उत्तर चुकले होते. घरी येऊन वाचले तेव्हा ते कळले, आणि पुढच्या रविवारी मुलांपुढे चूक कबूल करावी लागली.

पोवळे हा प्राणी आहे. मऊ अंगाचा, पुष्कळदा तांदळाच्या दाण्याएवढा. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, पाण्यातील चुना घेऊन आपल्याखाली घर बांधतात. एक पिढी मरते, दुसरी तिच्याच घरावर बांधकाम चढवते. (दागिन्यातले तांबडे पोवळे निराळ्या जातीचे. समुद्रात खडक उभारणारी प्रवाळे ही त्याची भाऊबंद.) या प्रवाळांच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा घरधन्याला देते. प्रवाळाचा रंगही बहुतेक त्याचाच. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापला व तो ताप काही आठवडे टिकला, म्हणजे ही भागी मोडते. शैवाल अंगाबाहेर जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. ते लगेच मरते असे मात्र नाही. पाणी वेळीच निवले तर शैवाल परत येते. न निवले तर प्रवाळ उपाशी मरते.

आपणा घाटावरच्या लोकांना समुद्र लांबचा वाटतो. अरबैल घाट उतरून कारवारला गेलो तरच तो दिसायचा. पण आपल्याच किनाऱ्यावर मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटाभोवती आणि वर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळे आहेत. लक्षद्वीप तर सगळेच्या सगळे प्रवाळावर उभे आहे. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी तेथील अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांवर पाण्यात बुड्या मारून वर्षानुवर्षे प्रवाळांची मोजणी केली. १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे ताप या प्रवाळांनी सोसले. १९९८ साली खडकांचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. २०२२ पर्यंत तो २० टक्क्यांच्याही खाली आला. पुढच्या तापांत मरणाऱ्यांचे प्रमाण कमी होत गेले, ही त्यातली आशेची बाजू. पण सावरण्याची चालही मंदावली. साधारण सहा वर्षे ताप न येता गेली, तरच प्रवाळ पुन्हा जोमाने वाढू लागते, असे त्यांना आढळले. आता वरची साले पाहा. पहिल्या दोन तापांत बारा वर्षांचे अंतर, पुढच्या दोहोंत सहाचे. आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांवर चौथे संकट आल्याचे जाहीर केले.

सहा वर्षे हा आकडा वाचून मी थबकलो. आकड्यांतून भविष्य काढणाऱ्यांपैकी मी नाही. मोशेला प्रवाळांचे गणित ठाऊक होते असे म्हणणे शास्त्राचाही अपमान आणि विज्ञानाचाही. परंतु लेवीयात देव सातव्या वर्षाचा विसावा देतो तो कोणाला, हे नीट वाचा. तो जमिनीला देतो, आणि त्या वर्षी आपोआप उगवेल त्यात दास, परदेशी, गुरे व रानातली जनावरे यांचाही घास ठेवतो. धारवाडकडच्या काळ्या रानात राबलेल्यांना हे समजावून सांगायला नको. समुद्राला पडीक कोण ठेवणार? आपण कोळसा व तेल जाळून पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठवली, तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने मुकाट्याने पोटात घेतला आहे.

सव्विसावा अध्याय वाचताना मला भीती वाटते. तेथे देव म्हणतो की लोकांनी जमिनीला विसावा दिला नाही, तर लोक देशोधडीला लागतील आणि ओसाड जमीन आपला विसावा आपणच घेईल. लक्षद्वीपची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एकदोन मीटर उंच. २०११ च्या जनगणनेत तेथे ६४ हजारांवर माणसे होती. लाटांचा मार त्यांच्या आधी प्रवाळाचा कठडा खातो. तो झिजला आणि पुन्हा वाढला नाही, तर या माणसांनी कोठे जावे? लेवीयात ज्यांचा अपराध त्यांनाच देशोधडी होती. इथे जाळले आपण आणि जातील ते. हे कोणत्या न्यायात बसते, ते मला अजून उलगडलेले नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात खडूचा तुकडा घेऊन प्रवाळाचे घर समजवा, पण पांढऱ्या प्रवाळाचे चित्र दाखवून मुलांना नुसते घाबरवू नका. आमच्या त्या मुलीने चित्र पाहून एवढेच विचारले, "काका, याला रंग परत येतो?" मी म्हणालो, "येतो बाळ, वेळ मिळाला तर."

त्याच महिन्यात आमच्या मंडळीच्या कमिटीत उपासनामंदिरात वातानुकूलन यंत्रे बसवण्याचा ठराव झाला होता. मीही हात वर केला होता. पंखा पुरत नाही असे रविवार आपल्या गावी वर्षात किती, हे तेव्हा मनात आले नाही. एका मंदिराच्या यंत्रांनी समुद्र तापत नाही आणि ती न लावल्याने निवतही नाही, हे मलाही कळते. तरी ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा अशी चिठ्ठी मी सेक्रेटरींकडे दिली आहे. वयस्कर मंडळींपैकी काहींना ते रुचलेले नाही, आणि उन्हाळ्यात त्यांना होणारा त्रासही खोटा नाही. पुढच्या महिन्यात सभा आहे.